परमिट रूममध्ये शिरण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षांच्या पलूसमध्ये टेबलावर मात्र बिअरच जास्त दिसते. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, तेव्हा नाशिकच्या विंचूरसोबत वाईन पार्कसाठी पलूसची निवड झाली होती! ‘परमिट रूम’ हे नाव १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलं. आजही पिणाऱ्याला कागदोपत्री परवाना लागतो. बिअर-वाईनसाठी वयाची अट २१ वर्षं, कडक दारूसाठी २५.

बिअरच्या बाटलीवर ‘स्ट्राँग’ लिहिलं असेल, तर अल्कोहोल ५ टक्क्यांहून जास्त, ८ पर्यंत. सुक्या मटणाबरोबर आमची पसंती माइल्डला: तिखटावर स्ट्राँगचा कडवटपणा नुसता बोचतो. बर्फगार बिअर मागण्याची सवयही सोडा, चव कळत नाही. चकना म्हणून शेंगदाणे-फुटाणे ठीकच, पण शेजारच्या तासगावचा बेदाणा मागून बघा. वेटर आश्चर्याने बघेल, बघू दे.

आणि हो, गावातलं दारूचं दुकान कायमचं नाही. दारूबंदीच्या मतदानात एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला, की त्याला कुलूप लागतं.