खडीपासून पैलूपर्यंत

नवी मुंबईतलं बोनकोडे गाव आता कोपरखैरण्याच्या इमारतींत पार मिसळून गेलंय. 1970 साली हे शहर वसवणारी सिडको आली आणि पुढची काही दशकं पारसिकच्या डोंगररांगेतल्या खाणी नव्या शहराला खडी पुरवत राहिल्या. हा दगड दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लाव्ह्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या आणि कुठे कुठे त्यांत स्फटिक वाढले. क्रशरला अर्थातच त्यांचं सोयरसुतक नसतं.

याच पाषाणातल्या ॲपोफिलाइट या खनिजाचं नशीब मात्र निराळं निघालं. 1856 ते 1863 या काळात जीआयपी रेल्वेसाठी बोरघाट फोडला तेव्हा त्याचे टपोरे स्फटिक उजेडात आले आणि पार परदेशी संग्रहालयांत पोचले. पुढे पुणे, नाशिक, जळगावच्या खाणी नावाजल्या. 2001 मध्ये राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याला विहीर खणताना हिरवेगार, पाणीदार स्फटिक निघाले. हा हिरवा रंग व्हॅनेडियमचा. इतकं सगळं होऊनही आपल्याकडे ॲपोफिलाइट मुख्यतः कपाटात ठेवण्यापुरताच राहिला. पैलू पाडायला हात लावणारे थोडेच, आणि त्याला कारण आहे.

ते कारण म्हणजे पाटन. हा स्फटिक एकाच दिशेने, पण अगदी सहज, पत्त्यांच्या कॅटासारखा सुटतो. दिशा ओळखणं अवघड नाही. उभ्या बाजू काचेसारख्या चकाकतात आणि त्यांवर उभ्या रेघा असतात. सपाट माथ्यावर मोत्यासारखी चमक असते. थर त्या माथ्याला समांतर. नवा पैलूकार नेमका तोच माथा टेबलासाठी, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूसाठी, निवडतो, कारण आयताच सपाट मिळतो आणि वजनही वाचतं. मग पॉलिश करताना पृष्ठभागाचे पापुद्रे निघतात आणि कितीही घासलं तरी आरसा काही येत नाही.

मग टेबल थरांना काटकोनात घ्यावं? तिथेही फसगत आहे. गर्डलचे, म्हणजे खड्याच्या कमरेचे, पैलू टेबलाशी काटकोनात असतात. त्यांतले समोरासमोरचे दोन थेट थरांवर येऊन बसतात. 42 अंश तिरकं घेतलं तर खालच्या मुख्य पैलूंपैकी एक अडकतो, कारण या दगडाचा अपवर्तनांक सुमारे 1.535 असल्याने तळाचे पैलू 42-43 अंशांवरच पाडावे लागतात. माझ्या मते टेबल थरांपासून 8 ते 10 अंश तिरकं ठेवणं सगळ्यात सोयीचं. तरीही टेबलाभोवतीचे छोटे तारा-पैलू तपासायचे. ते साधारण 20 अंशांवर असतील तर अंतर पुरतं, 10-12 वर आणले तर एखादा थरांना जाऊन भिडतो. पुष्कराजालाही हाच नियम लागू आहे, फक्त तो अधिक कठीण असल्यामुळे चूक जरा उशिरा कळते. हिऱ्यात पाटनाच्या दिशा चार. जुने कारागीर त्यांचाच फायदा घेऊन हिरा फोडत. 1908 मध्ये ॲमस्टरडॅमला कलिनन हिरा असाच फोडला गेला. आता ते काम बहुतेक ठिकाणी लेझर करतो.

ॲपोफिलाइटचा आणखी एक हट्ट: त्याच्या रचनेतच पाणी असतं, म्हणून उष्णता त्याला चालत नाही. डॉपवर, म्हणजे दगड धरून ठेवणाऱ्या दांडीवर, बसवायला गरम लाख नको, थंड चिकटवणारं इपॉक्सी बरं. चाक बारीक, दाब हलका, आणि थराच्या कडेखाली चाक शिरणार नाही अशा बाजूने घासायचं. तयार खडा अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायचा नाही.

इतकं करून हाती येतो तो 4.5 ते 5 काठिण्याचा खडा. घरातल्या धुळीतले गारेचे कण 7 काठिण्याचे असतात, तेच त्याला ओरखडतात. म्हणून कुणी हिरवा ॲपोफिलाइट अंगठीत बसवून देऊ केला तर घेऊ नका. कानातल्यासाठी चालेल, आणि संग्रहासाठी तर जरूर घ्या.