‘टी’ म्हणजे उंची

२०१४ साली पुण्याहून म्हैसूरच्या बोगादीला राहायला आले, तेव्हा सोबत होती रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली फ्रेंच आणि तिच्या आधाराने पुढे वाढवलेली रोमेनियन. घरापासून जवळच, मानसगंगोत्रीत, १९६९ साली सुरू झालेलं भारतीय भाषा संस्थान. राष्ट्रीय अनुवाद मिशनचं कामही तिथूनच चालतं; मोठमोठी पाठ्यपुस्तकं भारतीय भाषांत येतात. माझ्या टेबलावर मात्र रोमेनियातल्या दवाखान्यांचे डिस्चार्ज कागद यायचे, इंग्रजीत करायला.

पहिली चूक अजून डोळ्यांसमोर आहे. एका बाईंचा कागद: ‘जी ७० किलो, टी १६८ सेंमी, आयएमसी २४,८’. जी म्हणजे ग्रेउताते, वजन. टी म्हणजे तालिए. शब्दकोशात कंबरही होती, उंचीही होती. मी कंबर उचलली. कंबर १६८ सेंटिमीटर! तपासणाऱ्यांनी कागद परत पाठवला आणि मला रात्रभर झोप लागली नाही. रोमेनियन डॉक्टर तालिए लिहितो तेव्हा उंचीच सांगत असतो. शिवाय उत्तर त्याच ओळीत होतं. आयएमसी म्हणजे आपला बीएमआय. १.६८ चा वर्ग करा, ७० ला त्याने भागा, २४.८ येतात. तेव्हापासून आयएमसी दिसला की आधी भागाकार, मग अनुवाद.

आकड्यांनीही शिकवलं. रोमेनियनमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. बाळाचं वजन ‘३.१५० ग्रॅम’ लिहिलेलं असतं. टिंब तसंच ठेवलं तर इंग्रजीत सव्वातीन ग्रॅमांचंही बाळ उरत नाही. रक्तदाबाला ते टीए म्हणतात, आणि बोलताना सरळ ‘तेरा-आठ’, म्हणजे १३०/८०.

पण खरी भीती असते ती अक्षरं जशीच्या तशी पुढे जाण्याची. पोटाचा घेर तिकडे सीए. इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरला त्यात कर्करोग दिसू शकतो. डोक्याचा घेर पीसी. इथल्या चिठ्ठीवर त्याचा अर्थ जेवणानंतर. टी तर आपल्याकडे ताप, आणि तिकडेही त्याच पानावर कधी ताप, कधी उंची. समोरचं एकक पाहूनच ठरवायचं. म्हणून मी इंग्रजीत संक्षेप ठेवतच नाही, पूर्ण शब्द लिहिते. कागद लांबतो, लांबू दे. पलीकडे कुणाचं तरी मूल असतं.

माझी वहिनी महाराष्ट्रात अंगणवाडी सेविका आहे. तिच्या वहीत ‘सॅम’ आणि ‘मॅम’, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषण. इंग्रजी आद्याक्षरं मराठीत आली ती अशीच, न उलगडता. एकदा मी विचारलं, “आयांना हे कळतं का?” ती म्हणाली, “ताई, मी त्यांना अक्षरं सांगतच नाही. पट्टी दाखवते.” दंडाचा घेर मोजायची ती पट्टी: ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल, १२.५ पर्यंत पिवळी, पुढे हिरवी. आई वाकून रंग बघते आणि तिला कळतं.

गेल्या महिन्यात तिने तशीच एक पट्टी मला दिली. ती संगणकाशेजारी टांगली आहे. काल एका नवजात बाळाचा कागद आला, ‘पीसी ३४’. डोक्याचा घेर ३४ सेंटिमीटर, असं पूर्ण लिहून पाठवलं.