गिटार, गुणगुण आणि तिसरी पिन

मी कॉलेजात मराठी शिकवतो. विजेशी माझा संबंध दिवा लावण्यापुरता आणि महिन्याचे बिल भरण्यापुरता. तेव्हा घरच्या घरी गिटार मुद्रित करण्याच्या सामानावर मी लेख लिहितो आहे हे कळल्यावर स्टाफरूममध्ये बराच हशा पिकला. पण ज्या घरात एकोणीस वर्षांचा मुलगा आणि इलेक्ट्रिक गिटार एकत्र नांदतात, त्या घरातल्या बापाला काही गोष्टी शिकून घ्याव्याच लागतात. मी त्या उशिरा शिकलो. किती उशिरा, ते पुढे येईलच.

आमचे चिरंजीव दिवसा इंजिनिअरिंग शिकतात आणि रात्री गिटार वाजवतात. गिटार, एक जुना घेतलेला वीस वॅटचा ॲम्प्लिफायर आणि २०२०च्या टाळेबंदीत घेतलेला छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटारचा आवाज संगणकात नेणारी पेटी, एवढा त्यांचा संसार. आमचा फ्लॅट पुण्यातला. भिंती अलीकडच्या, म्हणजे बारीक. वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. तेव्हा बरीच बोलणी होऊन तह ठरला : ॲम्प्लिफायर फक्त रविवारी दुपारी चार ते पाच. आता रविवारी बरोबर चारच्या ठोक्याला बोटांना स्फूर्ती यावी, हे कसे जमायचे? चिरंजिवांची बोटे रात्री अकरानंतर खुलतात.

"बाबा, याला एकच उपाय आहे. रीॲम्पिंग!" ते एकदा जेवताना म्हणाले. "एक डीआय बॉक्स आणि एक रीॲम्प बॉक्स. पंधरा हजारांत होईल."

माझा घास हातातच राहिला. तरी अर्थ विचारला. तो असा : रात्री कानाला हेडफोन लावून वाजवायचे आणि गिटारचा नुसता कोरा आवाज संगणकात साठवायचा. मग रविवारी तोच साठवलेला आवाज ॲम्प्लिफायरमध्ये सोडायचा, पुढे मायक्रोफोन ठेवायचा आणि ॲम्प्लिफायरचा भरदार आवाज पुन्हा मुद्रित करायचा. वाजवायचे एकदाच, आवाजाचा पोत मात्र हवा तितक्या वेळा बदलायचा.

हे मला चटकन कळले, कारण ते आमच्याच धंद्यातले आहे. मूळ पोथी शाबूत असली, की तिच्यावर दहा टीका लिहिता येतात. पोथी हरवली आणि टीका तेवढी उरली, तर मूळ पाठ ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही. कोरा आवाज ही पोथी. तो थेट तारेने मुद्रित करण्याची रीत जुनीच आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६०च्या दशकातच ती चालू होती. पुढे जॉन क्युनिबर्टी या अमेरिकन ध्वनिमुद्रकाने १९९०च्या दशकात 'रीॲम्प' नावाची पेटी विकायला काढली आणि तो शब्द रूढ झाला.

एवढे समजूनही मी म्हणालो, "दिवाळीनंतर पाहू." मध्यमवर्गीय बापाचे हे ठरलेले उत्तर!

तरुण मंडळी दिवाळीपर्यंत थांबत नसतात. चिरंजिवांनी इंटरफेसमधून एक साधी वायर काढून सरळ ॲम्प्लिफायरमध्ये खुपसली. आवाज आला, पण त्याच्यामागे भुंग्यासारखी अखंड गुणगुण. तीन दिवस त्यांच्या कपाळावर आठ्या. चौथ्या दिवशी मात्र ते हसत बाहेर आले. "बाबा, गेली गुणगुण!" मलाही बरे वाटले. फुकटात काम झाले म्हणून जरा जास्तच बरे वाटले.

दिवाळीची झाडलोट करताना सौ.ना त्यांच्या टेबलाखाली एक जाड पितळी पिन सापडली. ॲम्प्लिफायरच्या प्लगची ती तिसरी पिन. प्लग मोडला असेल असे समजून मी वायर आणि पिन पिशवीत टाकली आणि तपकीर गल्ली गाठली. तिथे आमच्या ओळखीचे एक वृद्ध मेकॅनिक आहेत, रेडिओच्या जमान्यापासूनचे. त्यांनी प्लग उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "सर, मुलगा बरा आहे ना?"

प्रश्नाचा रोख मला कळेना. मग त्यांनी मला स्टुलावर बसवले.

"ही अर्थिंगची पिन. बाकीच्या दोघींपेक्षा ती लांब असते, ते उगीच नाही. प्लग लावताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. गिटारच्या तारा वायरीच्या जाळीतून ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. आत काही बिघडून पत्र्यात करंट आला, तर तो या पिनेतून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिनच काढली, तर त्याला वाट उरते ती वाजवणाऱ्याच्या अंगातून. एक हात तारांवर, दुसरा मायक्रोफोनवर. मध्ये छाती!"

घरी येऊन मी वाचून काढले. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज'चा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. त्याचा हात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला लागला होता. १९७६ साली 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ नीट अर्थिंग नसलेली गिटार वाजवताना गेला, तोही स्वतःच्या घरी. 'घरी' हा शब्द मी दोनदा वाचला.

त्या रात्री मी चिरंजिवांवर ओरडलो नाही. तो हक्क 'दिवाळीनंतर पाहू' म्हणताना मी गमावला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मेकॅनिकांकडे गेलो आणि खरेदीचा विचार मुळापासून केला. ज्यांच्या घरी गिटार आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तो इथे देतो.

पहिला प्रश्न, डीआय बॉक्स हवा का? गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून येणारा संदेश नाजूक. त्याला सुमारे दहा लाख ओहम अवरोधाचे इनपुट मानवते. मायक्रोफोनच्या इनपुटचा अवरोध जेमतेम दोन-तीन हजार ओहम. तिथे गिटार लावली, की वरचे स्वर बोथट होतात आणि गिटार गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजते. ही गाठ नीट मारून देणे हे डीआय बॉक्सचे काम. पण आजकाल फोकसराइट स्कार्लेट सोलो किंवा बेरिंगर यूएम२ यांसारख्या बेताच्या किमतीच्या इंटरफेसवरही गिटारसाठी वेगळे इनपुट किंवा 'इन्स्ट'चे बटण असते. आमच्या पेटीवरही होते. म्हणजे दोन पेट्यांपैकी एक तिथेच यादीतून गेली. वायर लांबवर न्यायची असेल, सभागृहात वाजवायचे असेल, तर मात्र डीआय बॉक्स हवाच. त्यात साध्या गिटारला बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्टवर चालणारा ॲक्टिव्ह बरा. कीबोर्डला नुसत्या ट्रान्स्फॉर्मरचा पॅसिव्ह पुरतो.

दुसरा प्रश्न, रीॲम्प बॉक्स कशाला? इंटरफेसमधून बाहेर येणारा संदेश दांडगा असतो. ॲम्प्लिफायरला सवय गिटारच्या नाजूक संदेशाची. शिवाय संगणकाचे अर्थिंग वेगळे, ॲम्प्लिफायरचे वेगळे. दोन्ही वायरीने जोडली की एक वर्तुळ तयार होते आणि आपल्या ५० सायकलच्या विजेची गुणगुण त्यात फिरत राहते. रीॲम्प बॉक्समधला ट्रान्स्फॉर्मर संदेश चुंबकत्वाने पलीकडे पोचवतो. तारेला तार जोडलेली नसते. त्यावरचे 'ग्राउंड लिफ्ट'चे बटण फक्त संदेशाच्या वायरीतली जोडणी तोडते. प्लगच्या पिनेला हात लावावा लागत नाही. चिरंजिवांना जे हवे होते, ते या बटणात होते.

तिसरा प्रश्न, स्वस्तात कसे जमेल? मेकॅनिकांनी युक्ती सांगितली. पॅसिव्ह डीआय बॉक्स उलटा वापरायचा. एका टोकाला जाड जॅक आणि दुसऱ्या टोकाला तीन भोकांचे कनेक्टर, अशी वायर इंटरफेसमधून पेटीच्या आउटपुटला लावायची आणि पेटीच्या इनपुटमधून गिटारची नेहमीची वायर ॲम्प्लिफायरला. मात्र उलटा ट्रान्स्फॉर्मर विद्युतदाब दसपटीच्या घरात वाढवतो. म्हणून संगणकातला आवाज शून्यावरून हळूहळू चढवायचा. ॲक्टिव्ह पेटी अशी उलटी चालत नाही, हे विकत घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे. आणि घरी ॲम्प्लिफायरच नसेल, तर काहीच घेऊ नये. 'न्यूरल ॲम्प मॉडेलर'सारखी फुकट मिळणारी प्रणाली कोऱ्या आवाजावर संगणकातच ते काम करते.

अशा रीतीने पंधरा हजारांचा बेत पाच हजारांच्या आत आटोपला. पिन मेकॅनिकांनी स्वतः घट्ट बसवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या रविवारी चार वाजता चिरंजीव हात मांडीवर ठेवून बसले होते आणि ॲम्प्लिफायरमधून त्यांनी मंगळवारी रात्री वाजवलेली गिटार वाजत होती. गुणगुण नव्हती. नवे मुद्रण पुन्हा त्याच वाटेने बाहेर जाऊ दिले तर आवाज गोल फिरून किंचाळतो. तेवढा मार्ग त्यांनी बंद ठेवला होता. मायक्रोफोन बोटभर इकडे सरकवायचा, ऐकायचे. बोटभर तिकडे, पुन्हा ऐकायचे. वाजवणारा तोच, वाजवणे तेच, आणि दर वेळी निराळा आवाज. पाच वाजता त्यांनी आपण होऊन ॲम्प्लिफायर बंद केला.

आता आमच्या घरी कोणी काही मागितले, तर मी आधी "ते नसेल तर तू काय करणार आहेस?" असे विचारतो. पैशांचे मग पाहतो. वाचकांना एवढेच सांगणे : दिवाळीची झाडलोट करताना मुलांच्या टेबलामागच्या प्लगांकडेही एकदा पाहा. प्रत्येकात तिन्ही पिना आहेत ना, ते मोजा.