वजाबाकी करणारं यंत्र

टीबीचा कोर्स पुरा होऊन काही वर्षं उलटलेली असतात. माणूस कामाधंद्याला लागलेला असतो. मग एखाद्या रात्री खोकल्याची उबळ येते आणि बेसिन लाल होतं. रक्त किती गेलं या धास्तीने घरचे धावाधाव करतात, पण खरा धोका वेगळाच असतो. वाटीभर रक्त जरी श्वासनलिकांत साचलं, तरी माणूस गुदमरून जाऊ शकतो.

अशा रुग्णासाठी मोठ्या इस्पितळात कॅथलॅब उघडली जाते. हृदयाच्या अँजिओप्लास्टीमुळे हे नाव घरोघरी पोचलंय. फुप्फुसातला, पोटातला, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायचं कामही अशाच खोलीत होतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. या कामाची दखल अजून पुरेशी घेतली गेलेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

टेबलाला वेढून फिरणारा एक कमानदार बाहू, त्याच्या एका टोकाला क्ष-किरणांची नळी आणि दुसऱ्या टोकाला डिटेक्टर. आधी साधं चित्र घेतात, मग आयोडीनचा डाय सोडून दुसरं. संगणक दुसऱ्यातून पहिलं वजा करतो. बरगड्या, मणके, हृदयाची सावली असं सगळं पुसलं जातं आणि पडद्यावर फक्त रक्तवाहिन्या उरतात. यालाच डीएसए म्हणतात. अट एकच, दोन चित्रांच्या मधे रुग्ण हलता कामा नये. ‘श्वास रोखा, हलू नका,’ असं सांगावं लागतं ते नेमकं खोकून बेजार झालेल्या माणसाला. तो खोकला की वजाबाकी फसते. मग डॉक्टर हाडांसकटच्या मूळ चित्रावरच वाट शोधतात.

आत शिरायची रीत स्टॉकहोमच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी १९५३ साली मांडली. जांघेतल्या धमनीत सुई घालायची, सुईतून वायर सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि वायरीवरून नळी आत न्यायची. चिरफाड नाही, टाके नाहीत. याच वाटेने १९६४ साली अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या बाईंच्या पायातली अरुंद झालेली धमनी रुंद केली. पाय कापायला त्या बाईंनी नकार दिला होता. तो पाय वाचला.

फुप्फुसातलं रक्त थांबवायला नळी महाधमनीतून, श्वासनलिकांना रक्त पुरवणाऱ्या ब्राँकियल धमनीच्या तोंडाशी नेतात. जुन्या टीबीच्या व्रणांभोवती या धमन्या फुगून वेड्यावाकड्या झालेल्या असतात. त्यांत मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढे, वाळूसारखे कण डायमध्ये मिसळून थोडे थोडे सोडतात आणि त्या बुजवतात. तोंडाशीच धातूच्या तारेची कॉइल बसवणं सहसा टाळतात, कारण रक्त पुन्हा सुटलं तर आत जायचा रस्ताच बंद झालेला असतो. आणि ते सुटू शकतं, कारण मूळ आजार तिथेच असतो.

सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे थांबणं. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी बारीक फांदी कधीकधी याच धमनीतून निघते. वर जाऊन केसाच्या पिनेसारखं खाली वळणारं तिचं वळण पडद्यावर दिसलं नाही आणि कण तिच्यात गेले, तर रक्त थांबेल पण पाय जातील. म्हणून कण सोडण्याआधी डाय देऊन पुन्हा पुन्हा पाहतात. फांदी दिसली तर आणखी बारीक नळी तिच्या पुढे नेतात, आणि तेही जमत नसेल तर हात आखडता घेतात. अनुभवी डॉक्टर मला ओळखू येतो तो इथेच.

सीटी अँजिओग्राफी आता पूर्वीपेक्षा कितीतरी ठिकाणी होते. त्यामुळे कोणती धमनी कुठून निघते याचा नकाशा आधीच हाती येतो. पण त्या नकाशावरून रात्री दोन वाजता नळी नेणारे हात मात्र मोठ्या शहरांतच एकवटलेत. टीबी तसा शहरं निवडत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र बसवताना ते चालवणारा माणूस, तंत्रज्ञ आणि परिचारिका यांची पदंही त्याच कागदावर मंजूर व्हायला हवीत.

तोवर रुग्णाला गाडीतून न्यावंच लागणार. रक्त कोणत्या फुप्फुसातून येतंय हे ठाऊक असेल, तर त्याच कुशीवर निजवावं, म्हणजे दुसरं फुप्फुस श्वासासाठी मोकळं राहतं.