खिळ्याविना गलबत

बर्गेनहून निघायचं, फॅरो बेटं, आइसलँड आणि ग्रीनलँड बघत हिमनगांमधून न्यूफाउंडलंड गाठायचं. व्हायकिंगांच्या वाटेने अशा सफरी आता जहाज कंपन्या विकतात आणि हौशी माणसं त्यासाठी मोठी रक्कम मोजतात. विकायला तिथे मालही भक्कम आहे. डेन्मार्कमधल्या रोस्किल्डेच्या खाडीत अकराव्या शतकात मुद्दाम बुडवलेली पाच जहाजं 1962 मध्ये उकरून काढली गेली. त्यांतल्या एका युद्धनौकेची प्रतिकृती बांधून डॅनिश मंडळींनी 2007 मध्ये ती डब्लिनपर्यंत नेली. थंड पाणी आणि चिखल, त्यामुळे बऱ्याच फळ्या टिकल्या होत्या.

आपल्याकडे समुद्राने एवढी कृपा केली नाही. नवी मुंबईतल्या रबाळ्याच्या पश्चिमेला तिवरांपलीकडे जी ठाण्याची खाडी आहे, तिच्या काठचं ठाणं हे शिलाहारांचं श्रीस्थानक. पलीकडे उल्हास नदीवर कल्याण, ग्रीक खलाशांना ठाऊक असलेलं बंदर. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या नौकांची लढाईच कोरलेली आहे. शिल्पं आहेत, शिलालेख आहेत, पण त्या काळचं सबंध जहाज म्हणाल तर एकही नाही. उष्ण पाण्यात लाकूड पोखरणारे किडे काही शिल्लक ठेवत नाहीत.

म्हणून ‘कौंडिण्य’ हे जुन्या पद्धतीचं शिडाचं जहाज बांधणाऱ्यांकडे सुरुवातीला होतं ते अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं एक चित्र. चित्रकाराने शिडं दाखवली, मागची सुकाणूची वल्ही दाखवली, पण पाण्याखालचा आकार त्याने कशाला काढावा? जुलै 2023 मध्ये केंद्राचं संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याच्या दिवाडी बेटावरची ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात हे जहाज बांधण्याचा करार झाला. रत्नाकर दांडेकरांची ही कंपनी. दिलीप दोंदे 2009-10 मध्ये ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती शिडाची बोटही दांडेकरांनीच बांधलेली.

पण ‘म्हादेई’ आधुनिक होती. इथे खिळाच मारायचा नव्हता. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर आले. फळ्या वाफवून वाकवायच्या, कडेने भोकं पाडायची, सांध्यावर नारळाच्या सोडणाचे तंतू दाबून बसवायचे आणि काथ्याच्या दोरीने फळीला फळी शिवत न्यायची. वर राळ. आधी कवच उभं राहतं, मग आतल्या फासळ्या. गंमत म्हणजे व्हायकिंग सुतारही कवचच आधी उभारायचे, फक्त ते फळीवर फळी चढवून लोखंडी रिबिटांनी ठोकायचे. शिवलेलं गलबत लाटेच्या माऱ्याखाली थोडं लवतं, ठोकलेल्यासारखं अडून बसत नाही. वाळूवर आपटलं तरी सांधे सहसा फुटत नाहीत आणि दोरी सैलावली की पुन्हा शिवता येते. मार्को पोलोने होर्मूझला अशी जहाजं पाहून नाकं मुरडली होती. त्याचं ऐकून हिंदी महासागरातला व्यापार काही थांबला नाही.

तरी नुसत्या जुन्या कसबावर भागलं नाही. आयआयटी मद्रासमध्ये नमुन्याच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या आणि डोलकाठीचा हिशेब नौदलाने स्वतः केला. मला ही कबुली आवडते: परंपरेचे गोडवे गात बसण्यापेक्षा तिला टाकीत घालून तपासलेलं बरं. शिडांवरचा गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवरचा सिंहयाळी, डेकवरचा हडप्पा शैलीचा दगडी नांगर हे मात्र सगळं एका काळाचं, एका जागचं नाही. ती सजावट आहे, तेवढ्यापुरतीच घ्यावी.

फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज पाण्यात उतरलं आणि 21 मे रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. ज्याच्या नावाने ते आहे, तो दंतकथेतला कौंडिण्य पूर्वेला गेला होता आणि मेकाँगच्या मुखाशी सोमा राणीशी लग्न करून राहिला. जहाजाची पहिली मोठी सफर मात्र पश्चिमेची ठरली. 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून ते निघालं. इंजिन नाही, खोल्या नाहीत, भरवसा ईशान्येच्या वाऱ्याचा. कमांडर विकास शेओरान यांच्या हाताखाली नौदलाचे खलाशी उघड्या डेकवर झोपत, खिचडी-लोणचं खात जात होते. चौकोनी शीड वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही, त्यामुळे वारा उलटा फिरला की थांबून राहणं आलं. 14 जानेवारी 2026 रोजी ते मस्कतला लागलं.