जरा जवळ सरका ना!

मैत्रिणींनो, आज एक काम करा. कपाटातला अल्बम काढा आणि लग्नाचे फोटो सोडून त्यानंतर फक्त तुम्ही दोघंच आहात असे किती फोटो सापडतात ते बघा. बारसं, मुंज, वास्तुशांत, दहावीचा निकाल, अष्टविनायकाची सहल... सगळं सापडेल. पण दोघांचाच असा फोटो? बहुतेक घरांत तो निघतच नाही. आता मोबाइलमध्ये हजारांनी फोटो साठतात, तरी त्यात फार फरक पडलेला नाही. घरची बाई एक तर फोटो काढत असते, नाही तर मागच्या रांगेत कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी दिसत असते.

हे माझ्या ध्यानात आलं ते माझ्या धाकट्या जावेमुळे. बेचाळिसाव्या वर्षी तिला फोटोग्राफीचं वेड लागलं. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा कॅमेरा कपाटात पडून राहिला. तो हिनं बाहेर काढला. पहिले सहा महिने तुळस, मांजर आणि गच्चीवरची वाळवणं यांचेच फोटो. मग एक दिवस म्हणाली, "वहिनी, मला जोडप्यांचे फोटो काढायला शिकायचंय. नवऱ्या-मुलीचे नाही, संसार करून मुरलेल्या जोडप्यांचे." बचत गटाच्या कामामुळे बार्शीत आणि आसपासच्या गावांत माझ्या चार ओळखी आहेत. तेव्हा ठरलं, ओळख माझी आणि कॅमेरा तिचा. शिवाय थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभं राहायचं कामही माझंच!

हा तक्ता कशाला, ते सांगते. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. भर दुपारी लिंबाच्या झाडाखाली उभं केलं तर तोंडावर उन्हाचे ठिपके पडतात आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. म्हणून ती जोडप्याला ओसरीवर, दाराच्या किंवा खिडकीच्या जवळ बसवते. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना. खिडकीतून एका बाजूनं मऊ उजेड येतो, दुसरी बाजू अंधारी राहते. त्या अंधाऱ्या बाजूला पांढरा तक्ता धरला की उजेड परतून तोंडावर येतो. तक्ता नसेल तर धुतलेली पांढरी चादरही चालते.

पण खरा धडा तिला एका आजींनी दिला. आजोबा-आजी दोघंही पंच्याहत्तरीच्या आसपासचे. जावेनं लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, पूर्ण उघडं ठेवलेलं, एफ 1.8 वर. त्यानं मागची भिंत छान धूसर होते. फोटो बघितला, तर आजोबांच्या मिशीचा केस न् केस स्पष्ट आणि आजी धुक्यात! जाऊ कावरीबावरी झाली. आजी मात्र स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "बरोबर आलाय की फोटू. पन्नास वर्सं असंच चाललंय."

आम्ही हसलो खऱ्या, पण ते वाक्य आतवर गेलं. अ‍ॅपर्चर उघडं असलं की कॅमेऱ्यापासून एका ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट दिसतं, त्याच्या मागचं-पुढचं धूसर होतं. आणि आपल्याकडची बाई नवऱ्याशेजारी उभी राहिली तरी अर्धं पाऊल मागेच असते. तिला कुणी सांगत नाही, पाय आपोआप मागे जातात. डोळ्यांना न दिसणारं ते अर्धं पाऊल कॅमेऱ्यानं बरोबर पकडलं. तेव्हापासून जाऊ अ‍ॅपर्चर एफ 5.6 च्या आसपास ठेवते आणि दोघांना एका रेषेत बसवते. "आजी, अर्धं पाऊल पुढं," हे तिचं ठरलेलं वाक्य झालंय. त्या दिवशी तिनं दुसरा फोटो काढला. त्यात आजीच्या नाकातली मोरणीसुद्धा स्पष्ट आली.

दुसरी अडचण हातांची. कॅमेरा दिसला की पुरुष झेंडावंदनाला उभे राहिल्यासारखे ताठ होतात आणि बायका पदराशी चाळा करतात. 'हसा' म्हटलं की दात दिसतात, हसू दिसत नाही. यावर तिनं युक्ती काढली, हातांना काम द्यायचं. शेंगा सोलायला, लसूण निवडायला, गजरा ओवायला बसवायचं. मग विचारायचं, "काकू, लग्नात पहिला उखाणा कुठला घेतलात?" काकू लाजून काकांकडे बघतात, काका म्हणतात, "ही विसरली होती, मागून हिच्या आत्यानं सांगितला!" आणि दोघं हसतात. तोच क्षण. म्हातारी माणसं हलतात, म्हणून शटर 1/125 सेकंदापेक्षा संथ ठेवायचं नाही. डोळे मिटले जातात, म्हणून दोघांनाही आधी डोळे मिटायला सांगून तीन म्हटल्यावर उघडायला लावायचे. आणि फोटोग्राफरनं उभं राहून वरून फोटो काढायचा नाही, समोर जमिनीवर बसायचं.

ही अर्ध्या पावलाची गोष्ट फक्त खेड्यातल्या आजींची नाही बरं! होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 1913 साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. कॅमेरा त्या शिकल्या पती माणेकशा यांच्याकडून. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावानं. पुढे त्यांनी आपल्या नावानं नेहरूंपासून अनेकांची अजरामर छायाचित्रं टिपली आणि 2011 मध्ये पद्मविभूषण मिळवलं. 2012 च्या जानेवारीत त्या गेल्या. शिकवणारा नवरा शेजारी होता, तरी नाव पुढे यायला वेळ लागलाच.

सगळ्याच जोडप्यांचा फोटो गोड येतो असंही नाही. एका घरी नवऱ्यानं हौसेनं बोलावलं होतं. तिला शेजारी बसवून तो सारखा म्हणत होता, "हस की, तोंड नीट कर." ती हसायची, पण तिचा खांदा त्याच्यापासून दूर दूर सरकत होता. जावेनं दोन मिनिटं बघितलं आणि "उजेड गेला, पुन्हा येऊ," म्हणून कॅमेरा खाली ठेवला. आम्ही चहाचे कप ठेवायला आत गेलो, तर ती हळूच म्हणाली, "ताई, माझा एकटीचा काढता?" परसदारी काढला. मान वर करून, सरळ कॅमेऱ्यात बघत बसली होती. वाटेत जाऊ म्हणाली, "वहिनी, फोटोत गोडी दाखवता येईल हो, पण नसलेली दाखवायला मी शिकत नाहीये." मला तिचं म्हणणं पटलं. त्या घरी मी अजून जाते, पण ते फोटोसाठी नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या फोटोचं? गरज पडते तेव्हा कळतं. सरकारी नोकरीतून निवृत्त होताना पेन्शनच्या कागदांना पती-पत्नीचा एकत्र फोटो लागतो, कारण मागे राहणाऱ्याला पुढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं असतं. "जरा जवळ सरका," असं फोटोवाला म्हणतो आणि लग्नानंतर पहिल्यांदा डोक्याला डोकं लागतं, तेही ट्रेझरीच्या कागदासाठी! आणि बाई गेली की? हार घालायला फोटो शोधताना मी किती घरांत धावपळ बघितलीय. शेवटी कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिचा चेहरा कापून मोठा करतात. कडेला दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा राहतो. सबंध घर सांभाळलेल्या बाईचा धड एक फोटो निघू नये?

त्या धुक्यातल्या आजींचे आजोबा गेल्या मार्गशीर्षात गेले. मुलगा जावेकडे आला, म्हणाला, "तेवढा आईला कापून अण्णांचा एकट्याचा करून द्या, हार घालायचाय." जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हेही खरंच. आम्ही भेटायला गेलो तेव्हा हा विषय निघाला. आजी एवढंच म्हणाल्या, "आत्ता कुठं मी शेजारी आले होते. लगेच कापताय व्हय?" जावेनं आजोबांची एकट्याची प्रत हारासाठी वेगळी करून दिली आणि दोघांची जशीच्या तशी आजींच्या हातात ठेवली. ती त्यांनी उशाशी ठेवलीय.

म्हणून सांगते, महागडा कॅमेरा नको, मोबाइलही पुरे. फक्त तो तोंडाजवळ नेऊ नका, नाकं मोठी दिसतात. चार पावलं मागे जा आणि दुप्पट झूम करा. मागचं कॅलेंडर उतरवा, दोरीवरचे कपडे काढा. दोघांना खिडकीशी, एका रेषेत बसवा. आधी सासू-सासऱ्यांचा काढा, मग आई-वडिलांचा, आणि मग मोबाइल मुलीच्या हातात देऊन तुमचा दोघांचा. चांगला आला की स्टुडिओत नेऊन कागदावर छापून घ्या. मोबाइल बिघडतात, बदलतात, कागद राहतो. आणि हो, बसताना अर्धं पाऊल पुढं!