पियानो आणि चरितार्थ

पियानोवादकाला कीर्ती मिळते ती मैफलीत. चरितार्थ मात्र बहुधा शिकवण्यांवरच चालतो. लाइपझिगच्या क्लारा शूमान (१८१९–१८९६) यांनी या दोहोंची सांगड घातली. १८५४ मध्ये पती रॉबर्ट मनोरुग्णालयात गेले आणि सात मुलांचा भार त्यांच्यावर पडला. गावोगाव मैफली करून त्यांनी तो पेलला; पण पुढे हात दुखू लागले. १८७८ मध्ये फ्रांकफुर्टच्या होख संगीतविद्यालयाने त्यांना पाचारण केले. बाईंनी घातलेल्या अटी कोणाही नोकरदाराला हेवा वाटावा अशा होत्या: रोज दीड तासच शिकवीन, तेही घरी, वर्षाकाठी चार महिने सुटी, शिवाय हिवाळ्यात दौऱ्यांची मोकळीक. विद्यालयाने त्या मानल्या. त्यात त्याचाही लाभ होता. परदेशांतून विद्यार्थी येत ते मैफलीतल्या क्लाराबाईंच्या लौकिकामुळे. १८९१ पर्यंत त्या जाहीर मैफलींत वाजवीत होत्या.